तीनवार म्हणायच्या आत

लॅपटॉपचं झाकण उघडल्यापासून पडद्यावर अक्षरं दिसेपर्यंत किती वेळ जावा, याचं आमच्या घरातलं माप सेकंदात नव्हतं. ते आबांनी ठरवून दिलं होतं. एकवार, दोनवार, तीनवार. तीनवार म्हणायच्या आत यंत्र उठलं पाहिजे, न्हायतर चुलीत घाल ते, असं त्यांनी मला सांगितलं. सांगितलं म्हणजे टाइप करून दाखवलं. आणि तेवढं एक वाक्य दाखवायलासुद्धा त्या दिवशी यंत्रानं इतका वेळ घेतला की मी मधे उठून गॅसवरचं दूध उतरवून आले.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात ते गुळाचे सौदे पुकारायचे. बाहेरच्या माणसाला सौदा म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो. तसं नसतं. अडत्याच्या दुकानापुढं गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागलेली असते, भोवती व्यापारी उभे असतात, आणि पुकारणारा भाव वर चढवत नेतो. व्यापारी तोंडानं फारसं बोलतच नाहीत. कुणी भुवई उडवतो, कुणी टोपी मागं सारतो, कुणी नुसतं बोट हलवतो. ते सगळं पुकारणाऱ्यानं टिपायचं, भाव ओरडून सांगायचा, आणि आता कुणी वर जात नाही असं दिसलं की एकवार, दोनवार, तीनवार म्हणून सौदा तोडायचा. तीनवार म्हटलं की संपलं. मग ब्रह्मदेव आला तरी भाव बदलत नाही.

आबांचा आवाज यार्डाच्या फाटकापर्यंत जायचा. घरातही तोच. जेवताना मीठ मागितलं तर शेजारची काकू वाटी घेऊन दारात यायची. आणि तो आवाज माझ्यात उतरला, हे आईचं कायमचं दुःख. "बापाचं नरडं घेऊन आलीया, कोण करून घ्यायचं हिला," असं ती लहानपणापासून म्हणत आली. आमच्याकडं बायकाही स्वतःला 'येतो, जातो'च म्हणतात, त्यात माझा असला आवाज, त्यामुळं फोनवर मला हमखास 'साहेब' म्हणायचे. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते. तिथं आमचे विभागप्रमुख दर आठवड्याला एकदा तरी दारातून डोकावून म्हणायचे, "मॅडम, जरा हळू." मी हळू बोलायला शिकले. शिकले म्हणजे काय, कॉलेजात तोंड मिटून बसायला शिकले.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आबांचा घसा बसला तो उठलाच नाही. तंबाखूनं डाव साधला होता. मिरजेला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला खाली भोक ठेवलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. आबांनी तेव्हा हातानं खूण केली, उरका. पण घरी आल्यावर पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून झोपले ते दुपारी जेवायलाच उठले. मी त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून रडले.

आधी पाटी आणली. खडूची भुकटी गळ्याच्या भोकातून आत जाऊन त्यांना असा ठसका लागायचा की आईनं दुसऱ्याच दिवशी पाटी माळ्यावर टाकली. मग कागद. पण आबांचं अक्षर यार्डातलं, घाईत आकडे टिपायचं. शब्द लिहिले की वाचणाऱ्याला घाम फुटायचा, आणि 'हे काय लिवलंय' असं विचारलं की आबा कागदाचा बोळा करून खिडकीबाहेर टाकायचे. तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. चांगली माणसंसुद्धा त्यांच्या वतीनं आपणच उत्तर देऊन मोकळी व्हायची. "आबास्नी काय, चाललंच की," म्हणायचे आणि निघायचे. आयुष्यभर दुसऱ्याला तीनवार म्हणणाऱ्या माणसाला आता जो तो तीनवार म्हणायला लागला होता.

तेव्हा मी लॅपटॉप आणला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याची पुण्याला बदली होत होती, त्याचा जुना. विंडोज त्यावर धापा टाकत होतं, म्हणून पुसून लिनक्स टाकलं. लॅबमध्ये मी तेच सांभाळायचे. बटणांवर मराठी अक्षरं छापलेले कागद चिकटवले आणि पडद्यावर अक्षरं इतकी मोठी केली की चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता यावीत. आबा एका बोटानं टाइप करायला लागले, आणि जसं बोलायचे तसंच टाइप करायचे. लिहिलेलं वाचून दाखवणारा एक हिंदी आवाजही मी बसवून दिला होता. आबांनी तो एकदाच ऐकला आणि टाइप केलं, 'बंद कर ते भूत.'

आता अडचण अशी की त्या काळात दिवसातून दोन-तीनदा भारनियमनानं लाइट जायची, आणि बॅटरी म्हातारी. यंत्र चालू ठेवलं तर तासाभरात खलास. म्हणून दोन वाक्यांच्या मधे त्याला झोपवायचं. झाकण मिटलं की यंत्र झोपतं. सगळं बंद होतं, फक्त आपण कुठं होतो तेवढं त्याच्या ध्यानात राहतं, आणि चंद्रकोरीचा एक बारका दिवा लुकलुकत राहतो. झाकण उघडलं की जिथं सोडलं होतं तिथून पुढं, शेवटचा शब्दसुद्धा तसाच. कागदावर छान वाटतं. आमचं यंत्र झाकण मिटल्यावर बराच वेळ पंखा घरघरवत जागंच राहायचं, आणि उघडल्यावर उठायला त्याहून जास्त वेळ घ्यायचं.

श्रावणात एक अडत्या काका घरी आले. त्यांच्या दुकानाचे सौदे आबांनी वर्षानुवर्षं पुकारले होते. चहा पिता पिता काका म्हणाले, "आबा, आता यार्डात पूर्वीची मजा न्हाय. पुकारणारा बारा गावचं पाणी प्यालेला पायजे. आताचं निस्तं वरडत्यात." मग म्हणाले, "दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्याला तुम्ही या. म्होरं खुर्ची टाकतो. तुमच्या हाताखालचाच पुकारंल, तुम्ही बघा."

आबांनी झाकण उघडलं. काळा पडदा. काका थोडा वेळ पडद्याकडं बघत बसले, मग आईकडं घरच्यांची चौकशी केली, मग चपला घातल्या. यंत्र उठलं तेव्हा काकांची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती. आबांनी तरीही टाइप केलं आणि मला दाखवलं. 'खुर्चीवर बसाय मी काय गणपती हाय? बोलाय येत असंल तर जातो.' त्याखाली मग तीनवारची अट आली, आणि चुलीचं वाक्य.

म्हणजे मुदत ठरली. पाडव्यापर्यंत मला हे यंत्र सुधारायचं होतं, नाहीतर आबा यार्डात जाणार नव्हते, आणि यंदा गेले नाहीत तर परत कधीच जाणार नाहीत, हे आईला आणि मला न बोलता कळत होतं.

लिनक्सचं एक बरं असतं. ते आपण काय करतो त्याची नोंद लिहून ठेवतं आणि ती कुणालाही वाचता येते. वाईट एवढंच, की वाचायला बसलं की डोकं उठतं. मी आधी पडद्यावरचं शोभेचं चित्र काढून टाकलं, म्हणजे झोपताना यंत्र काय पुटपुटतं ते दिसेल. झोपायच्या आधी ते चालू असलेल्या प्रत्येक कामाला जागच्या जागी थांबायला सांगतं. सगळी थांबत होती. एकच काम हटून बसलं होतं. यंत्र त्याची वाट बघायचं, शेवटी कंटाळायचं, आणि पहिल्यापासून सुरुवात करायचं. ते काम म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरवरचा एक फोल्डर. लॅबमध्ये यंत्र तयार करताना मीच तो जोडला होता. आता कॉलेज राहिलं तिकडं आणि यंत्र आमच्या घरात, आणि झोपायच्या आधी दरवेळी त्या फोल्डरला हाका मारत होतं. तो तोडला. झाकण मिटलं की चंद्रकोर लगेच लुकलुकायला लागली. मी खूश होऊन आबांना दाखवलं. आबांनी टाइप केलं, 'झोपायचं कवतिक काय सांगतीस. उठतंय कवा ते बघ.'

उठण्यानं मला रडवलं. इंटरनेटवर जगभरातले लोक आपापल्या यंत्रांना शिव्या देत होते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. एकानं सांगितलं पडद्याचा ड्रायव्हर बदला. बदलला, तर पडदाच गेला, आणि तो परत आणण्यात माझा अख्खा रविवार गेला. आबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात पेपरवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं, आबांनी माझ्याकडं बघितलं, यंत्र माझ्या मांडीवर उघडं पडलेलं. पेपरवाला वाट बघून गेला. मला इतका राग आला, यंत्राचा, त्या ड्रायव्हरवाल्याचा, आणि खरं सांगायचं तर आबांचाही. तंबाखू मी नव्हती खाल्ली.

मग शांत डोक्यानं नोंद वाचली. प्रत्येक ओळीच्या आधी वेळ लिहिलेली असते. ओळी एकामागून एक भराभर पडल्या होत्या, आणि मधेच एका ठिकाणी मोठा खड्डा. खड्ड्याच्या आधीची ओळ सीडी ड्राइव्हची. उठताना यंत्र आपल्या एकेका भागाला विचारतं, तू हायस का? सगळे हो म्हणतात. आमचा सीडी ड्राइव्ह मरून पडलेला होता, त्याचा कप्पा कधी उघडलाच नव्हता. यंत्र त्याला विचारायचं, थांबायचं, हलवून बघायचं, परत विचारायचं. यावर सॉफ्टवेअरचे उपाय होते, पण मला आता उपायांचाच वीट आला होता. मी खालचा स्क्रू काढला आणि तो ड्राइव्ह सरळ बाहेर ओढला. रिकाम्या जागेत चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून बसवला.

आबा समोर बसले. झाकण मिटलं, चंद्रकोर आली. मग त्यांनी एका हातानं झाकण उघडलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं टेबलावर टकटक केली. एकवार. दोनवार. तिसऱ्याला बोट वरच राहिलं, अक्षरं आली होती. आबांनी पायात चपला सरकवल्या, यंत्र पिशवीत घातलं आणि रिक्षा करून थेट त्या काकांच्या दुकानावर गेले. श्रावणातल्या बोलण्याचं उत्तर त्यांनी भाद्रपदात दिलं. काय दिलं ते काकांनी मला नंतर सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. यार्डात काटे, वजनं, हमालांचे हुक सगळं धुऊन मांडायचे. आबांकडं हत्यार म्हणून काहीच नसायचं. म्हणून आई दर खंडेनवमीला त्यांच्या गळ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची. आबा मान वर करून बसायचे आणि मी लहानपणी खोखो हसायचे. त्या वर्षी आई ताट घेऊन आली आणि आबांच्या पुढ्यात येऊन थबकली. सवयीनं आली होती. गळ्यावर आता भोकाला झाकायचं पांढरं फडकं होतं. आबांनी शेजारचा लॅपटॉप ओढला, उघडून आईच्या पुढं ठेवला आणि त्याच्याकडं बोट केलं. आईनं हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून अक्षता टाकल्या. मी म्हणाले, "अगं, बटणांवर नको." आई म्हणाली, "गप बस."

त्याच आठवड्यात मी लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नवा टाकला होता. आणि दसरा होऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर नवीनच दुखणं सुरू झालं. आबा बाहेर गेले की पिशवीत यंत्र आपोआप जागं व्हायचं. पिशवी आईनं जुन्या वाकळेच्या तुकड्यातून शिवलेली, जाड. आत यंत्र तव्यासारखं तापायचं आणि बॅटरी मरायची. आबा जुन्या सोबत्यांच्या कट्ट्यावर पोचून झाकण उघडायचे तर काहीच नाही. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी आबांनी पिशवी नेलीच नाही. चहाच्या वेळी कट्ट्यावर जाऊन लवकर परत आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मला खात्री, की नव्या कर्नलनंच घाण केली. जुना परत टाकला. तरी तेच. मग यंत्राला झोपेतून कोण कोण उठवू शकतं त्याचे एकेक रस्ते बंद केले. माऊस बंद, नेटवर्क बंद, सगळं बंद, फक्त झाकण तेवढं ठेवलं, कारण ते बंद केलं तर आबा उठवणार कसे? माझ्या टेबलावर यंत्र शहाण्या पोरासारखं झोपायचं, तासन् तास. आबांच्या पिशवीत गेलं की जागं. नोंदीत एकच ओळ दिसायची, झाकण उघडलं. आता पिशवीत बसून झाकण कोण उघडणार? ही ओळच खोटी, असं मी धरून चालले आणि तिथंच अडकले. पाडवा आठवड्यावर आला. घरी फराळाचं चाललं होतं आणि आई सारखी माझ्याकडं बघायची, विचारायची काही नाही. मी एकदा तिच्यावर खेकसले, "बघतीस काय, करतो की मी." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हणलो?"

पाडव्याच्या दोन दिवस आधी डोक्यात साधी गोष्ट आली. टेबल हलत नाही, पिशवी हलते. मी यंत्र झोपवलं, पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला लावली आणि अंगणात दुडक्या मारायला लागले, माझ्या मोपेडवरून खड्ड्यातून गेल्यासारख्या. शेजारची काकू कुंपणावरून बघत राहिली. पिशवीत पंखा घरघरला.

आत येऊन झाकण नीट बघितलं. त्या जुन्या लॅपटॉपना बिजागरीजवळ एक बारकी प्लॅस्टिकची खुंटी असते. झाकण मिटलं की ती दाबली जाते आणि यंत्राला कळतं, मिटलं. मी नखानं दाबली. अर्ध्यावरच अडली. टॉर्चचा उजेड मारला तर खुंटीच्या कडेला पिवळं काहीतरी दिसलं. केसातला आकडा काढला आणि कोरून बाहेर काढलं. अक्षता होती. हळदीत माखलेला तांदळाचा अर्धा दाणा. टेबलावर झाकणाच्या वजनानं खुंटी कशीबशी दाबलेली राहायची, पिशवीत हिसका बसला की वर यायची, आणि यंत्राला वाटायचं, आबांनी हाक मारली.

तो दाणा तळहातावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आईनं बघितला, समजली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी जे बोलणार होते ते गिळलं. ती म्हणाली, "टाकू नकोस. देवाचा हाय." आणि देव्हाऱ्यात ठेवला. आबा दारात उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. आवाज गेल्यापासून आबा हसले की नुसते खांदे हलायचे. कितीतरी दिवसांनी मी ते बघितलं.

पाडव्याच्या सकाळी आबांनी कपाळाला विभूती लावली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. निघताना मला टाइप करून विचारलं, 'मिटलं तवा जे लिवलेलं असतंय तेच उघडल्यावर दिसतंय न्हवं?' मी म्हणाले, हो. त्यांनी माझ्याकडं पाठ करून काहीतरी एक टाइप केलं आणि झाकण मिटलं.

यार्डात थप्पीपुढं रांगोळी होती, खांबांना झेंडूच्या माळा. आबांची खुर्ची पुढं. काकांनी हार घातला, आबांनी मान हलवली. मी खुर्चीच्या मागं उभी राहिले. बायका तिथं फारशा नव्हत्या. पुकारणारा आबांच्या हाताखाली बरीच वर्षं राहिलेला, चाळिशीचा माणूस. आवाज खणखणीत. तो आबांच्या पाया पडला आणि सुरू झाला. पहिली थप्पी मुरगूडकडच्या एका शेतकऱ्याची होती. तो थप्पीला हात लावून उभा होता. भाव चढला, अजून चढला, मग रेंगाळला. पुकारणाऱ्यानं समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"एकवार."

आबांचा हात झाकणावर गेला. मला काहीच दिसलं नव्हतं. आबांनी झाकण उघडलं आणि यंत्र डोक्यावर धरलं.

"दोनवार."

पडदा उजळला. पडदाभर एकच शब्द होता. थांब.

यंत्रानं आपलं काम केलं होतं. तीनवारच्या आत उठलं होतं. पण पडद्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे पुकारणाऱ्याकडं बघत होते आणि पुकारणारा गुळाकडं. आबा दुसऱ्या हातानं मागच्या खांबाकडं बोट दाखवत होते आणि त्यांचं तोंड उघडलेलं होतं, गळ्याच्या फडक्याआडून नुसती हवा जात होती. पुकारणाऱ्यानं तिसऱ्यासाठी श्वास घेतला.

"थांब!"

मी ओरडले होते. कॉलेजात इतकी वर्षं दाबून ठेवलेला होता तेवढा सगळा आवाज बाहेर आला. फाटकाजवळ हातगाडी घेऊन चाललेला म्हातारा हमाल जागेवर उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "आबा बोललं की." मला ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की सगळं यार्ड वळून आमच्याकडं बघायला लागलं. आबांचं बोट अजून खांबाकडं होतं. खांबामागं, झेंडूच्या माळेआड, एक व्यापारी बोट वर करून उभा होता. त्याचं बोट पुकारणाऱ्याला दिसलंच नव्हतं.

सौदा पुढं गेला, आणि बराच वर तुटला. मुरगूडच्या शेतकऱ्यानं आबांना हात जोडले, मग मलाही जोडले. मी पिशवी सावरत राहिले. पुकारणारा खजील होऊन म्हणाला, "आबा, माळ आडवी आलती." आबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

परत येताना माझ्या मोपेडपाशी आबांनी यंत्र उघडलं आणि टाइप केलं, 'वरडाय कुणी सांगितलंतं?'

"मग काय करतो?" मी म्हणाले. "कुणाचं ध्यान नव्हतं तुमच्याकडं."

आबांनी बराच वेळ बटणं शोधली. 'एकवारलाच वरडायचं हुतं. उशीर केलास.' आणि झाकण मिटून मागं बसले.

त्या हंगामात मी रविवारी आणि सुट्टीला त्यांच्याबरोबर यार्डात जायला लागले. यंत्र ते बाळगायचे, पण घाईचं काही असलं की माझ्या दंडाला चिमटा काढायचे आणि मी ओरडायचे. कॉलेजात विभागप्रमुख परत एकदा म्हणाले, "मॅडम, जरा हळू." मी म्हणाले, "सर, आवाजच असला हाय." ते गेले.

पुढच्या खंडेनवमीला आई ताट घेऊन आली. या वेळी ती आबांपाशी थबकली नाही, सरळ लॅपटॉपकडं वळली. आबांनी झाकणावर तळवा ठेवला. मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं काही बोलायचंय, म्हणून मी झाकण उघडायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. आईच्या ताटात बोट बुडवलं आणि माझी हनुवटी वर उचलून गळ्याला हळद लावली, मग कुंकू. त्यांचं बोट खरखरीत होतं. आई पदरानं डोळे टिपत अक्षता उचलायला लागली, तसा आबांनी तिचा हात धरला. यंत्र उघडलं. दोनवारच्या आत अक्षरं आली. त्यांनी एका बोटानं, सावकाश टाइप केलं.

'अक्षता नगं. अडकत्यात.'

आणि त्यांचे खांदे हलायला लागले.